जादा गाडी

बाबा तिसऱ्यांदा ड्रायव्हिंग टेस्ट नापास झाले त्या दिवशी आमच्या घरी केळं घातलेला शिरा झाला होता. या खेपेला पास होणारच, अशा भरवशावर आईने सकाळीच रवा भाजायला घेतला. तुपाचा वास जिन्यावरून माझ्या खोलीपर्यंत आला आणि किचनमधला स्मोक अलार्म नेहमीप्रमाणे बोंबलायला लागला. आमच्या घरी काही खमंग झालं की तो बोंबलायचाच. आई त्याच्याखाली टी-टॉवेल हलवत उभी राहायची आणि त्यालाच सांगायची, "बास रे बाबा, कळलं, चांगलं झालंय." बाबा आले, दारातच बूट काढले आणि कोणी विचारायच्या आत म्हणाले, "राउंडअबाउट." नापास होऊन आलेल्या माणसापुढे शिरा ठेवायचा कसा, हा प्रश्नच होता. पण केलेला शिरा टाकून थोडाच देणार? आम्ही चौघांनी तो खाल्ला, आणि खोटं कशाला बोलू, अप्रतिम झाला होता.

इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्समध्ये राहून राउंडअबाउटची, म्हणजे त्या गोल चौकांची, भीती बाळगणं म्हणजे कठीणच काम. आमच्याकडे दूध आणायला निघालात तरी वाटेत चार राउंडअबाउट लागतात. बाबांची अडचण गाडी चालवण्याची नव्हतीच, ती स्वभावाची होती. राउंडअबाउटशी आले की ते थांबायचे आणि उजवीकडून येणाऱ्या प्रत्येकाला जाऊ द्यायचे. लांबवर दिसणाऱ्यालासुद्धा. "तो येतोय ना, येऊ दे," असं म्हणत म्हणत एकदा त्यांनी एका सायकलवाल्याला जाऊ दिलं, जो रस्त्यावर नव्हताच, बाजूच्या रेडवेवरून, म्हणजे आमच्याकडच्या त्या लाल फरशीच्या सायकलवाटेवरून चालला होता. परीक्षकाने त्यांना सांगितलं म्हणे, "सर, यू आर अ व्हेरी पोलाइट मॅन," आणि नापास केलं. माझा नवरा आता कधी गाडी काढायला वेळ लावायला लागला की मी त्याला 'पोलाइट मॅन' म्हणते. त्याला वाटतं, मी कौतुक करतेय.

एरवी या नापास होण्याचं कोणाला एवढं वाटलं नसतं. पण मेच्या हाफ-टर्मला, म्हणजे शाळेला मधली आठवड्याची सुट्टी असते तेव्हा, आम्ही समुद्रावर जाणार होतो. थॉर्नसी नावाचं छोटंसं गाव, समुद्रासमोर दोन खोल्यांचा फ्लॅट, सोमवार ते शुक्रवार. बाबांनी तो हौसेने बुक करून टाकला होता, तोही आपल्या गाडीने जाऊ असं धरून. मी तेरा वर्षांची होते, या देशात येऊन सात वर्षं झाली होती, आणि वर्गातली प्रत्येक मुलगी निदान एकदा तरी बादली-फावडं घेऊन समुद्रावर जाऊन आली होती. माझ्याकडे आपलं पुण्याला दोनदा जाऊन आल्याचं वर्णन. शिरा संपवून बाबा म्हणाले, "कॅन्सल करू या. पुढच्या वर्षी बघू." मी वाटी आपटून वर निघून गेले. तेरा वर्षांच्या मुलीला दुसरं काय येतं?

शिरा खाणाऱ्यांतले चौथे म्हणजे माझे आजोबा. बाबांचे वडील, घरात सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, मी आजोबा. ते एप्रिलमध्ये कराडहून पहिल्यांदाच आमच्याकडे आले होते आणि सप्टेंबरअखेर परत जाणार होते. आयुष्यभर एसटीत नोकरी. आधी कंडक्टर, मग कंट्रोलर. स्टँडवर काचेच्या खोलीत बसून कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागेल, कधी सुटेल हे ठरवणारा आणि ते कर्ण्यातून साऱ्या स्टँडला ऐकवणारा माणूस. आवाज अजून तसाच होता. सकाळी बाथरूम रिकामी झाली की ते जिन्याच्या वरच्या पायरीवरून सांगायचे, "लक्ष द्या. बाथरूम मोकळी झालेली आहे. सईने त्वरित लाभ घ्यावा." शेजारच्या भिंतीपलीकडून टकटक व्हायची. ते आल्यापासून आईसुद्धा बदलली होती. एरवी ती बाबांना सरळ 'मिलिंद' म्हणायची, आता 'अहो' सुरू झालं होतं, आणि ते इतकं नवं होतं की पहिल्या आठवड्यात बाबांना आपल्याला हाक मारलीय हेच कळायचं नाही.

पण आजोबांचं आमच्याकडे मन लागत नव्हतं. बाबा ऑफिसला, आई शाळेच्या कॅन्टीनमध्ये कामाला, मी शाळेत. दिवसभर ते कोपऱ्यावरच्या बस-स्टॉपवर जाऊन बसायचे. कुठे जायचं नसायचं. येणाऱ्या गाड्यांच्या वेळा मनगटावरच्या घड्याळाशी ताडून बघायचे. संध्याकाळी जेवताना आम्हाला अहवाल मिळायचा. "अडीचची चार मिनिटं उशिरा. एवढी मोठी गाडी आणि आत माणसं किती? दोन! त्यातली एक झोपलेली." शिऱ्यानंतरच्या रविवारी मी पोह्यांसाठी खाली येत होते तर किचनमधून त्यांचा आवाज आला, आणि तो कर्ण्याचा आवाज नव्हता. "मिलिंदा, माझं तिकीट जूनमध्ये करून मिळतंय का बघ. तुम्ही सगळे चांगले आहात, कशाला नाही म्हणू? पण मी इथं काय करू? तुमचं सगळं बटणावर चालतं." बाबा म्हणाले, "बघतो." मला तेव्हा इतकं वाईट वाटलं की मी पायरीवरच बसले. आजोबा आल्यापासून घरात कोणीतरी माझी वाट बघत असायचं, शाळेतून आल्यावर दार उघडायचं, दशमीवर लोणी लावून द्यायचं. किल्लीने दार उघडून रिकाम्या घरात शिरायची सवय मला दोन वर्षांची होती, पण ती सवय आता परत लावून घ्यायला मी तयार नव्हते.

तेव्हा जे सुचलं ते मी पोह्यांची बशी हातात घेतल्या घेतल्या बोलून टाकलं. "आपण ट्रेन आणि बसने जाऊ या ना थॉर्नसीला. आजोबा प्लॅन करतील." बाबा हसले. "अण्णांना इथलं काय माहीत, सई?" झालं! आजोबांनी चमचा खाली ठेवला. "गाडी ही गाडी असते, मिलिंदा. ती कराडला काय आणि लंडनला काय, वेळेवर सुटते नाहीतर उशिरा सुटते. वेळापत्रक आणून द्या मला." आई पटकन म्हणाली, "अण्णा करतायत तर करू द्या की, अहो." बाबांचा चेहरा मात्र उतरला, आणि का ते मला दोन दिवसांनी आईकडून कळलं.

ती शेंगदाण्याची चटणी कुटत होती. आमचा खलबत्ता किचनच्या मागच्या दाराबाहेर असायचा, कारण आत कुटलं की शेजारीण विचारायची, शेल्फ लावताय का. आई कुटता कुटता सांगायला लागली. "तुझे बाबा लहान असताना यांची कधी सहल म्हणून झाली नाही बघ. लोकांना सुट्टी लागली की अण्णांना जास्त काम. दिवाळी, मे महिना, जत्रा, सगळीकडे जादा गाड्या सोडायच्या. अख्खा गाव कोकणात नाहीतर मुंबईला, आणि त्यांना पोचवणारे अण्णा. बाबा त्यांना फराळाचा डबा द्यायला स्टँडवर जायचे आणि दुसऱ्यांची मुलं खिडकीत बसून जाताना बघायचे. एकदा तर म्हणे गोव्याचं ठरलं होतं, बॅगासुद्धा भरल्या होत्या. ऐन वेळी अण्णांना ड्युटी लागली." तिने चटणीत मीठ घातलं. "म्हणून त्यांना भरवसा वाटत नाही. बोलायचे नाहीत ते, पण नाही वाटत." मी चटणी चाखली, तिखट कमी होतं, तसं सांगितलं. पण डोक्यात एकच फिरत होतं, की ही सहल फसली तर आजोबा जूनमध्ये जाणार, आणि कायमचे जाणार. पुन्हा यायचे नाहीत.

त्या पंधरवड्यात आमच्या डायनिंग टेबलाची कंट्रोलर केबिन झाली. मी लायब्ररीतून आणि स्टेशनवरून मिळतील तेवढी वेळापत्रकं आणली, थॉर्नसीच्या बसवाल्यांना फोन करून त्यांचं पत्रक पोस्टाने मागवलं. आजोबांनी जुन्या वॉलपेपरची गुंडाळी उलटी पसरली आणि पट्टीने रेघा मारून तक्ता आखला. निळी पेन्सिल म्हणजे ठरलेली गाडी, लाल म्हणजे ती चुकली तर पुढची. प्रत्येक गाडीला पुढची होती. "आणि ती पण चुकली तर?" मी विचारलं. "तर मग आपणच चुकलो, गाडी नाही," आजोबा म्हणाले. लंडनच्या युस्टन स्टेशनहून दुसऱ्या स्टेशनला जायला किती वेळ, सरकता जिना बंद असला तर किती, आईला मध्ये वॉशरूमला जायचं असलं तर किती, सगळ्याला खाना होता. आई म्हणाली, "अण्णा, माझा खाना तेवढा खोडा." तो त्यांनी खोडला नाही, फक्त त्यावर 'सौ.' असं लिहिलं. जेवण आम्ही टेबलाच्या एका कोपऱ्यात दाटीवाटीने करायचो. आमटी सांडली तर युस्टनवर सांडेल, अशी भीती.

मला त्या दिवसांतला आवाज आठवतो तो पट्टी टेबलावर आपटण्याचा, पेन्सिलीला टोक काढण्याचा आणि आजोबांच्या गुणगुणण्याचा. ते गुणगुणतात हे मला माहीतच नव्हतं. बस-स्टॉपवर जाऊन बसणं त्यांनी बंद केलं होतं, आणि तिकिटाचं नाव काढलं नव्हतं. एका शनिवारी त्यांनी आमची रंगीत तालीम घेतली. भरलेल्या बॅगा घेऊन घरापासून मिल्टन कीन्स सेंट्रल स्टेशनपर्यंत चालत जायचं आणि घड्याळ लावायचं. बाबांनी "अण्णा, हे जरा जास्त होतंय" असं म्हणून पाहिलं, पण आईने त्यांच्या हातात मोठी बॅग दिली. रेडवेवरून आम्ही ओळीने निघालो, पुढे आजोबा कानटोपी घालून, मे महिन्यात, मागे आम्ही. समोरचे एक शेजारी गाडी धूत होते. त्यांनी विचारलं, "ऑफ समव्हेअर नाइस?" आजोबा ताठ उभे राहून म्हणाले, "नो सर. ट्रायल." त्या माणसाने पाइप बाजूला केला आणि आदराने मान हलवली. अठ्ठावीस मिनिटं लागली. आजोबांनी तक्त्यात पस्तीस लिहिली.

आजोबांनी सगळा विचार केला होता, फक्त एकच गोष्ट निसटली, आणि ती आम्हा तिघांच्याही लक्षात आली नाही. आम्ही निघणार होतो तो सोमवार बँक हॉलिडेचा होता, म्हणजे इथली सार्वजनिक सुट्टी. रेल्वेच्या वेळा मी चौकशी करून त्या दिवसाच्याच घेतल्या होत्या. पण थॉर्नसीच्या बसच्या पत्रकावर खाली लिहिलं होतं की बँक हॉलिडेच्या वेळांसाठी वेगळी चौकशी करावी. मी आजोबांना ते वाचून दाखवलं आणि विचारलं, फोन करू का? आजोबा हसले. माझ्यावर नाही, त्या पत्रकावर. "अगं, सुट्टीच्या दिवशी काय कमी गाड्या असतात? जादा सोडत असतील, म्हणून त्या यात छापल्या नाहीत. छापील वेळा म्हणजे कमीत कमी. त्यात सुट्टीला भरच पडते." चाळीस वर्षं ज्याने सुट्टीच्या दिवशी जादा गाड्याच सोडल्या, त्याला सुट्टी आहे म्हणून बस बंद ठेवणारा देश असू शकतो हे सुचणार तरी कसं? आणि मला तरी कुठे सुचलं? आम्ही सात वर्षांत बँक हॉलिडेला घराबाहेर पडलो होतो ते सोफ्याच्या सेलला, तेही ओळखीच्यांच्या गाडीतून.

सोमवारी सकाळी धपाटी, दही, चटणी आणि आजोबांच्या हट्टाखातर पोटलीत बांधलेले फुटाणे असं घेऊन आम्ही निघालो. आणि काय सांगू, तक्ता घड्याळासारखा चालला. पहिली ट्रेन मिळाली. दुसरी मिळाली. सरकता जिना खरंच बंद होता, आणि त्याची मिनिटं धरलेली होती! आजोबांनी बाबांकडे एकदा नुसतं पाहिलं. ट्रेनमध्ये आईने डबा उघडला तेव्हा बाबा चक्क दुसरं धपाटं मागून घेत म्हणाले, "मानलं, अण्णा." आजोबांनी खिडकीबाहेर बघितलं, पण कान लाल झाले होते. मी मनात म्हटलं, जमलं. शेवटच्या स्टेशनवर उतरलो तेव्हा एक वाजून दहा मिनिटं झाली होती. समुद्र अजून नऊ मैल. समोर बस-स्टॉप, एक पंचवीसची बस.

एक पंचवीस झाले. दीड झाला. आजोबा म्हणाले, "सुट्टीची गर्दी असणार. येईल. मागोमाग जादा पण येईल." स्टॉपवर आमच्याशिवाय एक म्हातारं जोडपं होतं, त्यांचा एक जाडा कुत्रा, दोन लहान मुलांना घेऊन एक बाई, आणि पाठीवर तंबू घेतलेल्या दोन कॉलेजच्या मुली. सगळे बाहेरगावचे. दोन वाजले. मुलांतलं धाकटं रडायला लागलं. स्टेशनमधला माणूस शटर ओढायला बाहेर आला आणि आमच्याकडे बघून म्हणाला, आज बस नाही, बँक हॉलिडे आहे ना, उद्या सकाळी. बाहेर एकच टॅक्सी उभी होती, ती कोणाचीतरी ठरलेली निघाली. त्याने शटर लावलं, "सॉरी, लव्ह," असं इथल्या रीतीप्रमाणे आईला म्हणाला आणि सायकलवर बसून गेला.

आजोबांनी पत्रक खिशातून काढलं. चष्मा वर करून, डोळ्यांशी नेऊन ते खालचं बारीक वाचलं. मग कानटोपी काढली आणि बॅगेवर बसले. मी त्यांना इतकं म्हातारं कधी पाहिलं नव्हतं. "सई, तू फोन करू का म्हणाली होतीस," ते म्हणाले. "माझं चुकलं." मग बाबांकडे न बघता: "मिलिंदा, तुला परत एकदा तसंच केलं बघ मी." आई माझा हात धरून उभी होती. मला रडू फुटत होतं आणि मला बाबांचा रागही येत होता, त्यांनी अजून एक शब्दही काढला नव्हता तरी. मला वाटलं, आता ते म्हणतील, मी आधीच सांगितलं होतं. म्हणायला कारण होतं.

बाबा आजोबांसमोर फुटपाथवर उकिडवे बसले, ऑफिसच्या चांगल्या पँटीत. "अण्णा," ते म्हणाले, "दिवाळीत स्टँड माणसांनी भरलेला असायचा आणि गाडी यायचीच नाही. तेव्हा तुम्ही काय करायचा?"

"काय करणार? दुसरी काढायचो."

"कुठून?"

"कुठूनही. डेपोतून, दुसऱ्या मार्गावरची, लग्नाच्या बुकिंगची. माणसं उभी आहेत म्हटल्यावर गाडी काढावीच लागते."

"माणसं उभी आहेत, अण्णा," बाबा म्हणाले. "काढा ना गाडी."

आजोबांनी मान वर केली. आधी बाबांकडे पाहिलं, मग स्टॉपवरच्या लोकांकडे, एकेकाकडे, आणि मला दिसलं की ते मोजतायत. ते उठले. कानटोपी परत डोक्यावर चढली. त्यांनी स्टॉपच्या काचेवर चिकटवलेली सगळी स्टिकर वाचून काढली आणि एकावर बोट ठेवलं. कोणीतरी स्थानिक मिनीबसवाला, लग्न आणि एअरपोर्टसाठी. "सई, लाव याला. बाबांच्या फोनवरून." मग ते त्या लोकांसमोर गेले, घसा खाकरला, आणि त्या ओसाड चौकात कराड स्टँडचा आवाज घुमला. "अटेन्शन प्लीज! थॉर्नसीला जाणारे पॅसेंजर्स, काइंडली हात वर करा!" इंग्रजी आणि मराठी कसंही एकत्र झालं होतं, पण सगळ्यांनी हात वर केले. म्हातारीने स्वतःचा हात आणि कुत्र्याचा पंजा.

फोनवरचा माणूस आधी नाहीच म्हणाला. सुट्टी आहे, घरी बार्बेक्यू चाललाय, पाहुणे आलेत. मी ते आजोबांना सांगितलं. त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. "सर, गुड आफ्टरनून. कंट्रोलर बोलतोय. इलेव्हन पॅसेंजर्स, वन डॉग, नाइन लगेज. चिल्ड्रन आर क्रायिंग. सिक्स्टीन-सीटर विल डू. हाऊ मेनी मिनिट्स?" कुठला कंट्रोलर, हे त्या बिचाऱ्याला कळलं नसणार, पण विचारायची हिंमत झाली नाही. "ट्वेंटी," तो म्हणाला.

ती वीस मिनिटं माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात आनंदाच्या वीस मिनिटांपैकी आहेत, हे मी विचार करून लिहितेय. आजोबांनी सगळ्यांना रांगेत उभं केलं, आणि इंग्रज माणसाला रांग लावून दिली की तो सुखी होतो. कोण कुठे उतरणार हे विचारून त्यांनी सामानाचा क्रम लावला. आधी उतरणाऱ्याचं वर, शेवटी उतरणाऱ्याचं खाली. भाडं सगळ्यांनी वाटून घ्यायचं, ही जबाबदारी बाबांवर टाकली. आईने उरलेली धपाटी रांगेत फिरवली. रडणाऱ्या मुलाला फुटाणे मिळाले, त्यातले निम्मे त्याने कुत्र्याला दिले. तंबूवाल्या मुलींनी चटणीचा घास घेतला आणि दोघींच्या डोळ्यांतून पाणी आलं. तेव्हा मी आईला म्हटलं, झालं ना तिखट. बरोबर वीस मिनिटांनी पांढरी मिनीबस आली. ड्रायव्हर टकला, घामेजलेला, गळ्यात ॲप्रन, आणि डॅशबोर्डवर सॉसेज उलटायचा चिमटा. तो उतरून विचारायला लागला, "हूज द कंट्रोलर?" रांगेतल्या सगळ्यांनी एकदम आजोबांकडे बोट दाखवलं.

आजोबांनी गाडी भरली. म्हाताऱ्यांना पुढे, मुलांना खिडकी, कुत्र्याला मधल्या जागेत. बाबा चढले, आई चढली, मी चढले. त्यांनी मागचं दार लावून, ओढून बघितलं. चाकांवरून नजर फिरवली. मग गाडीच्या अंगावर हाताने दोनदा थाप मारली आणि ओरडले, "चला!"

आणि ड्रायव्हर निघाला.

मी खिडकीतून वळून पाहिलं तर आजोबा फुटपाथवर उभे. हात वर केलेला, चेहऱ्यावर गाडी वेळेत सुटल्याचं समाधान. ते तसेच उभे राहून आम्हाला निरोप देत होते! त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं. आईने किंकाळी फोडली, मी "स्टॉप! स्टॉप!" म्हणून काच बडवली, कुत्रा भुंकायला लागला, ड्रायव्हरने करकचून ब्रेक मारला. बाबांनी दार सरकवलं आणि उडी मारून मागे धावत सुटले. कुठल्याही चौकात सगळ्यांना जाऊ देणारे माझे बाबा रस्त्याच्या मधोमध, इकडेतिकडे न बघता धावत होते. त्यांनी आजोबांचा वर केलेला हात धरला. "अण्णा, चढा," ते ओरडले, "चढा की आता! आज तुम्ही पण यायचंय आमच्याबरोबर." आजोबा गोंधळून त्यांच्याकडे बघत राहिले, मग गाडीकडे, मग स्वतःच्या पायांकडे, आपण खाली कसे राहिलो ते कळत नसल्यासारखे. "खरंच की," ते म्हणाले. बाबांनी त्यांना हाताला धरून आणलं आणि खिडकीत बसवलं. गाडीतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबांसाठी टाळ्या वाजवलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या, आणि त्यांनीही बहुधा पहिल्यांदाच.

नऊ मैल म्हणजे काही फार नाही. शेवटच्या चढावर रस्ता वळला आणि उजव्या हाताला एकदम सगळा समुद्र आला, राखाडी, वाऱ्याने विस्कटलेला, काठाला कपडे बदलायच्या रंगीत लाकडी खोल्यांची ओळ. आजोबा ताडकन उभे राहिले. ड्रायव्हर आरशातून म्हणाला, "सिट डाऊन प्लीज, सर, बस चालू आहे." आता त्याने ते अर्थात इंग्रजीतच म्हटलं, पण मला ते मराठीतच आठवतं. आयुष्यभर लोकांना हेच सांगितलेला माणूस निमूट खाली बसला आणि खिडकीला नाक लावून बघायला लागला. बाबा त्यांच्या शेजारी होते. मी मागच्या सीटवरून दोघांच्या मध्ये डोकं घातलं होतं, म्हणून मला ऐकू आलं.

"मिलिंदा," आजोबा काचेवरून नजर न काढता म्हणाले, "ते तिकीट सप्टेंबरचंच असू दे."

बाबा "बरं" म्हणाले, आणि मग त्यांना एकदम रडूच कोसळलं. चांगलं हुंदके देऊन रडले, भर गाडीत, गोव्याची बॅग भरून बसलेल्या पोरासारखे. पुढच्या सीटवरच्या म्हातारीने वळून पाहिलं, काय झालं म्हणून विचारलं नाही, पर्स उघडली आणि त्यांच्या हातावर एक पेपरमिंटची गोळी ठेवली. थोड्या वेळाने तिने आणखी एक काढली आणि ती आजोबांना दिली.